दोन संगणक जोडणारी वायर: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

वरूड तालुक्यातील आमच्या गावात घराच्या रस्त्याकडील खोलीत आमचे कृषी केंद्र आहे आणि मागच्या माडीवर माझी लिहिण्या-बसण्याची खोली आहे. दुकानातल्या संगणकावर सूनबाई बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांची बिले करतात, तर माडीवरच्या जुन्या संगणकावर मी साठा, उधारी आणि जीएसटीच्या विवरणपत्रांची तयारी पाहतो. इतकी वर्षे या दोन यंत्रांमध्ये एक पेन ड्राइव्ह जिना चढत-उतरत असे. गेल्या ऑक्टोबरात उधारीच्या नव्या फाइलवर चुकून जुनी प्रत चढली आणि ऐन हंगामातल्या नऊ दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या, तेव्हा दोन्ही संगणक वायरीने कायमचे जोडून घ्यायचे आम्ही ठरवले. त्यासाठी घेतलेली वायर, कनेक्टर, क्रिम्पिंगची (कनेक्टर वायरीच्या टोकाला दाबून बसवण्याची) पक्कड, वायर तपासण्याचा टेस्टर आणि स्विच (अनेक यंत्रांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी), तसेच तालुक्याच्या दुकानातून मिळालेली जोडणीची सेवा, यांचे हे परीक्षण आहे.

वायफाय का घेतले नाही, हे मला गावात अनेकांनी विचारले. आमचे घर आजोबांच्या काळचे असून मधल्या भिंती दीड ते दोन फूट जाडीच्या मातीच्या आहेत आणि माडीवर टिनपत्रे आहेत. मोबाइलचा हॉटस्पॉट पहिल्या भिंतीपलीकडे क्षीण होतो आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे नाहीसाच होतो. शिवाय दोन संगणकांनी एकमेकांच्या फाइली उघडण्यासाठी इंटरनेट लागतच नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे इंटरनेट दिवसातून दोनदा जाते, पण ही वायर त्याच्या भरवशावर नाही.

पहिली जोडणी दिवाळीनंतर तालुक्याच्या बाजारातील एका संगणकाच्या दुकानाने करून दिली. दुकानाचे नाव देत नाही, कारण तीच वायर आणि तीच जोडणीची पद्धत मी त्यानंतर आसपासच्या आणखी दोन ठिकाणी पाहिली आहे आणि एकट्या त्यांच्यावर बोट ठेवणे न्याय्य होणार नाही. निळसर आवरणावर ‘कॅट सिक्स’ (नेटवर्कच्या वायरीची एक प्रत) असे ठळक छापलेली ४० मीटर वायर १६ रुपये मीटर दराने आणि मजुरी ५०० रुपये, असा व्यवहार झाला. आलेला मुलगा कष्टाळू होता. त्याने छताच्या कडेने केसिंग पट्टी ठोकून वायर इतकी नीट नेली की आजही ती पट्टी तशीच आहे. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून त्याने छोटा टेस्टर लावला, त्यावरचे एक ते आठ दिवे क्रमाने लागले आणि काम संपले असे आम्ही सर्वांनीच मानले.

प्रत्यक्षात काम तिथूनच सुरू झाले. बिलांच्या लहान फाइली माडीवर उघडत होत्या, परंतु वर्षभराचा साठा असलेली मोठी फाइल अर्ध्यावर अडकत असे. संगणकाच्या पडद्यावर जोडणी तुटल्याचे चिन्ह येई, दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप जुळे आणि पुन्हा तुटे. बियाण्यांच्या परवान्यांचे स्कॅन आणि छायाचित्रे धरून १८ जीबीचा संच वर न्यायला निघालो, तर संगणकाने उरलेला वेळ आधी तीन तास, मग अकरा तास असा सांगितला आणि शेवटी सांगणेच सोडून दिले. मुलाला पुन्हा बोलावले. त्याने टेस्टर लावला, दिवे पुन्हा लागले. ‘काकाजी, लाइट तर सारे लागून राहिले ना! वायर ओके आहे, तुमचं कार्डच गेलं असन,’ असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि नव्या लॅन कार्डाचा (संगणकात ही वायर ज्यात खोचतात त्या भागाचा) भाव कागदावर लिहून दिला.

कार्ड मागवण्यापूर्वी मी एक साधा प्रयोग केला, आणि अशा तक्रारीत प्रत्येकाने तोच आधी करावा असे माझे मत आहे. माडीवरचा संगणक उचलून दुकानात आणला आणि कारखान्यातून तयार होऊन आलेल्या दोन मीटरच्या वायरीने दोन्ही यंत्रे थेट जोडली. नेटवर्कच्या माहितीत ताबडतोब १ जीबीपीएस (सेकंदाला एक गिगाबिट) असा वेग दिसला आणि अडकणारी फाइल क्षणात उघडली. दोन्ही कार्डे निर्दोष होती. दोष भिंतीतल्या वायरीत किंवा तिच्या टोकांत होता. मग पारदर्शक कनेक्टरमधून दोन्ही वायरींचे रंग शेजारी-शेजारी ताडून पाहिले. तयार वायरीत क्रम असा होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमच्या वायरीत मात्र प्रत्येक रंग आपापल्या जोडीदाराच्या शेजारी, म्हणजे पांढरा-हिरवा आणि लगेच हिरवा, पांढरा-निळा आणि लगेच निळा, असा अगदी देखणा लावलेला होता. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टरला त्यात काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते.

हा देखणा क्रम चुकीचा का, ते दोर वळलेल्या माणसाला चटकन कळेल. वायरीच्या पोटात आठ सुटे तार नसून पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. एका जोडीतून एकच संदेश दोन उलट रूपांत जातो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडचे यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचत असल्याने तो गोंगाट वजा होऊन जातो. हे घडण्यासाठी त्या दोन तारा पिळात एकमेकींना बिलगून असणे आवश्यक असते. प्रत्येक जोडीचा पीळही मुद्दाम कमी-अधिक ठेवलेला असतो, म्हणजे शेजारच्या जोडीचा संदेश हिच्यात उतरत नाही. आता नेटवर्कचे कार्ड कनेक्टरमधल्या आठ पिनांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या पिनेची एक जोडी मानते, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेची दुसरी, चौथ्या-पाचव्याची तिसरी आणि सातव्या-आठव्याची चौथी. तिसरी आणि सहावी अशी फारकत जुन्या टेलिफोनमुळे आली आहे: मधल्या दोन पिना पहिल्या लाइनसाठी राखलेल्या असत आणि दुसरी लाइन त्यांच्या दोन्ही बाजूंना बसे. म्हणून हिरवी जोडी निळ्या जोडीला कवेत घेऊन बसवावी लागते. दुकानाच्या मुलाने ती सरळ बसवल्यामुळे तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीची तार आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीची तार आली. वीज आरपार गेली, दिवे लागले, पण संदेशाची जोडी मात्र दोन वेगवेगळ्या पिळांत फुटली. अशी फुटलेली जोडी हात-दोन हात लांबीत निभावून जाते आणि तीस-पस्तीस मीटरवर रडवते. टी५६८बी या नावाने ओळखला जाणारा वरचा क्रम, किंवा त्यात नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेला टी५६८ए, यांपैकी कोणताही एक दोन्ही टोकांना लावावा. आम्ही पहिला लावतो. संत्र्याच्या मुलखात सुरुवात नारिंगीने झालेली लक्षात राहते, एवढेच त्याचे कारण आहे.

मुलाला ही गोष्ट दाखवली तेव्हा तो ओशाळला, पण हटवादीपणा न करता त्याने दोन्ही टोके कापून पुन्हा बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. सेवेबद्दल माझी तक्रार त्याच्यावर नाही. ज्या दुकानाने त्याच्या हाती पक्कड दिली आणि रंगांचा तक्ता दिला नाही, त्या दुकानावर आहे. नव्या टोकांनी जोडणी स्थिर झाली. तोच १८ जीबीचा संच या वेळी साधारण चार मिनिटांत वर गेला. इथे वेग थोडा समजून घेतला पाहिजे. १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट नेणारे, जुने कार्ड आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने सेकंदाला फार तर अकरा-बारा एमबी नेते, म्हणजे एवढ्याच कामाला जवळजवळ अर्धा तास लागेल; १ जीबीपीएसची जोडणी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास नेऊ शकते, परंतु माझ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला तेवढे झेपत नाही. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या पुरतात, १ जीबीपीएसला मात्र चारही लागतात. म्हणून चांगल्या कार्डावर अचानक १०० एमबीपीएस दिसू लागले, तर एखादी तार तुटली किंवा पिनेला नीट लागलेली नाही, असे आधी समजावे.

आमच्याकडे जानेवारीत नेमके हेच झाले. झाडलोट करताना दुकानातला संगणक थोडा ओढला गेला, आणि वेग १०० वर उतरला. कनेक्टर कापला तर आत एक तार काडीसारखी मोडलेली होती. ब्लेडने दुसरी तार खरवडली आणि तांबड्या वर्खाखालून पांढरा धातू निघाला. आवरणावर ‘कॅट सिक्स’ छापलेली ही वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा विजेला अधिक विरोध करते, दोन-चारदा वाकवले की मोडते, आणि कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्सच्या मानकांत अशा तारेला जागाच नाही; त्या मानकांना शुद्ध तांबे लागते. ज्यांना याच वायरीतून सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याला वीजही पुरवायची आहे, त्यांनी तर तिला हात लावू नये, कारण अधिक विरोध म्हणजे वायरीत अधिक ऊब आणि कॅमेऱ्यापर्यंत कमी दाब. दुकानदाराला विचारले तेव्हा ‘गावाकडे हीच चालते’ असे उत्तर मिळाले. कापलेली वायर परत घेत नाहीत, हे मला मान्य आहे. पण विकताना धातूचे नाव सांगितले नाही, हे मान्य नाही.

शुद्ध तांब्याची वायर तालुक्यात सुटी मिळाली नाही. ३०५ मीटरचे अखंड खोके घ्या, असे दोघांनी सांगितले, आणि घरातल्या कामासाठी एवढे खोके घेणे म्हणजे एका एकराच्या पेरणीला गावभराचे बियाणे उचलण्यासारखे आहे. शेवटी नागपूरला गेलो असता सीताबर्डीवरून ४० मीटर कापून आणली. दर ३४ रुपये मीटर पडला. घेताना आवरणाकडे न पाहता टोकाकडे पाहिले. ब्लेडने खरवडल्यावर आत-बाहेर तोच तांबडा रंग दिसला, तार आठ-दहा वेळा वाकवूनही तुटली नाही, आणि हातात घेतल्यावर तेवढ्याच लांबीची जुनी वायर तिच्यापुढे स्पष्टपणे हलकी वाटली. या वायरीला आता चार महिने होत आले आहेत आणि एकदाही वेग उतरलेला नाही. कॅट फाइव्ह-ई घेतली असती तरी १ जीबीपीएसला आणि १०० मीटरपर्यंतच्या अंतराला ती पुरली असती. दोन संगणकांसाठी कॅट सेव्हन किंवा कॅट एट विकू पाहणाऱ्याचे ऐकू नये.

या खेपेला टोके मी स्वतः बसवली. पक्कड ३८० रुपयांना घेतली. तिची धार बरी आहे, पण वायरीचे आवरण काढण्याचे तिचे पाते खोल जाते आणि आतल्या तारांवर चरा पाडते, म्हणून आवरण मी हलक्या हाताने निराळ्या ब्लेडने कापतो. पहिले तीन कनेक्टर वाया गेले. कधी एखादी तार तोकडी राहिली, कधी शेवटच्या क्षणी निळी आणि हिरवी जागा बदलून गेली. पुढे लक्षात आले की तारा बोटांनी सरळ करून, एका रेषेत कापून, त्यांची टोके कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसेपर्यंत ढकलायच्या, आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत इतके जाऊ द्यायचे की मागचा चाप तारांवर न दाबता आवरणावर दाबेल. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. ज्यांचे डोळे माझ्यासारखे साठीचे आहेत त्यांनी हे काम दिवसाच्या उजेडात करावे. २२० रुपयांचा टेस्टर तुटलेली किंवा अदलाबदल झालेली तार पकडतो, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे. फुटलेली जोडी त्याला दिसत नाही, ती रंग वाचूनच पाहावी लागते. एकाच वायरीचे काम असेल तर या दोन वस्तू घेण्यापेक्षा दोन्ही टोके कारखान्यात बसवलेली २० किंवा ३० मीटरची तयार वायर घ्यावी; मात्र भिंतीतले छिद्र कनेक्टर जाईल एवढे मोठे करावे लागते, हे गवंड्याला आधी सांगावे.

स्विचची गोष्ट थोडक्यात. दोनच संगणक असतील तर स्विचची मुळीच गरज नाही. पूर्वी थेट जोडणीसाठी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा क्रम असलेली क्रॉसओव्हर वायर लागे, पण १ जीबीपीएसची कार्डे कोणती बाजू बोलणारी आणि कोणती ऐकणारी हे स्वतःच ठरवून घेतात, त्यामुळे साधी सरळ वायर चालते. आम्ही पुढे नेटवर्कचा प्रिंटर घेतला म्हणून टीपी-लिंकचा एलएस१००५जी हा पाच पोर्टचा स्विच घेतला. त्यात पंखा नाही, काही बसवावे-जुळवावे लागत नाही, आणि पारा चाळिशीच्या वर असताना टिनाखालच्या खोलीतही तो बिनतक्रार चालला आहे. फक्त तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावावा. आम्ही आधी साध्या बोर्डावर लावला होता; लोडशेडिंग झाले की दोन्ही संगणक चालू आणि मधला दुवा बंद, असा प्रकार दोन दिवस चालला आणि मी पुन्हा वायरीवर संशय घेत बसलो.

संगणकांतली मांडणी एका संध्याकाळीत झाली. राउटर नसल्याने यंत्रांना नेटवर्कवरचे आकडी पत्ते वाटणारे कोणी नव्हते आणि दोन्ही यंत्रांनी १६९.२५४ ने सुरू होणारे आपापले तात्पुरते पत्ते घेतले. त्याऐवजी दुकानातल्या संगणकाला १९२.१६८.५०.१ आणि माडीवरच्याला १९२.१६८.५०.२ असे पक्के पत्ते दिले, सबनेट मास्क (दोन्ही पत्ते एकाच गटातले आहेत हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवला आणि गेटवेची (इंटरनेटकडे नेणाऱ्या दाराच्या पत्त्याची) जागा रिकामी सोडली, कारण दुकानातला संगणक इंटरनेटसाठी मोबाइलवर जातो आणि इथे गेटवे भरला तर तो इंटरनेट या वायरीत शोधू लागेल. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ केला आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू केले. तरीही दार उघडेना. सूनबाई संगणक चार आकडी पिनने उघडतात; तो पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज बाहेरून आत येऊ देत नाही. फक्त या कामासाठी पासवर्ड असलेले एक वेगळे खाते काढले आणि प्रश्न मिटला. माझ्या जुन्या संगणकावर विंडोज ७ असल्याचे पाहून एका ओळखीच्याने एसएमबी-१, म्हणजे नेटवर्कवरून फाइली उघडण्याची विंडोजची जुनी पद्धत, चालू करण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, आणि कोणी मानू नये: विंडोज ७ ला त्याची गरज नाही, आणि मे २०१७ मध्ये जगभर फिरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याच जुन्या वाटेने संगणक गाठले होते. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली असल्याने माडीवरचा संगणक इंटरनेटला मी जोडतच नाही. बिलांची फाइल फक्त दुकानातल्या संगणकावर राहते आणि मी ती वायरीतून उघडतो. दोन प्रतींचा घोळ त्यामुळे संपला.

सगळे मिळून पहिल्या वायरीसह खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला, आणि त्यातले ११४० रुपये, म्हणजे ती वायर आणि तिची मजुरी, वाचू शकले असते. जुन्या वायरीचा एक तुकडा सध्या टोमॅटोचे वेल मांडवाला बांधायच्या कामी आला आहे आणि तिथे ती चांगली टिकली आहे.

अंगणापलीकडच्या गोदामातही एक संगणक ठेवावा, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. तिथे मात्र तांब्याची वायर मी नेणार नाही. आमच्याकडे मृगाच्या सुमारास विजा कडाडतात, आणि वीज थेट पडली नाही, जवळपास पडली, तरी उघड्यावरून दोन इमारतींमध्ये नेलेल्या तांब्याच्या तारेत दाबाचा झटका येऊन दोन्हीकडची कार्डे जळू शकतात. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून आत पोलादी तार नसलेली फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या वायरीतला संदेश यांची अदलाबदल करणारी पेटी), असा बेत आहे. फायबर जोडणारा माणूस तालुक्यात एकच आहे आणि त्याने पेरण्या आटोपल्यावरची तारीख दिली आहे. तोवर गोदामातल्या पोत्यांची नोंद वहीतच होईल.